इतिहास शिकून काय करणार?

गेल्या वर्षी जून महिन्यातील एका रविवारी सकाळचे मिस्साबलिदान आटोपून मी चर्चच्या मागील ओसरीवर आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ माझी वाट पाहत थांबले होते. गृहस्थ सज्जन आणि कष्टाळू; केळीची बाग आणि फुलांचा मळा सांभाळून दोन मुलांना इंजिनिअर केलेले. चेहरा मात्र असा, की घरात काही विपरीत घडले असावे. मी काळजीने विचारले, "का हो, घरी सर्व ठीक आहे ना?"

"फादर, आता तुम्हीच पोरीला समजवा. आमचं ती काही ऐकत नाही."

माझ्या मनात नाना शंका येऊन गेल्या. तरुण मुलीचा बाप असे बोलू लागला म्हणजे धर्मगुरूच्या मनात ज्या शंका येतात, त्याच त्या. अखेर उलगडा झाला तो असा, की मुलगी बी.ए.ची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली होती आणि आता मुंबई विद्यापीठात इतिहास हा विषय घेऊन एम.ए. करीन असा तिने हट्ट धरला होता. अपराध एवढाच!

"इतिहास शिकून काय करणार, फादर? मेलेल्या माणसांच्या तारखा पाठ करून कुणाचं पोट भरलंय?"

प्रिय वाचकहो, हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा असता, तर मी त्याचे उत्तर ओसरीवरच देऊन मोकळा झालो असतो. परंतु हा प्रश्न आपल्या समाजाच्या घराघरांत विचारला जातो. विचारणाऱ्याला त्याचे उत्तर नको असते. मुलाला किंवा मुलीला गप्प करावयाचे असते. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे मला आवश्यक वाटते. या लेखातील काही शब्द कडू लागतील. परंतु त्या काढ्याचा पहिला घोट मी स्वतः घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील एक अबोल, हुशार मुलगा माझ्याकडे आला होता. त्यालाही इतिहासच शिकायचा होता. जुन्या कबरींवरील अक्षरे कागदावर उतरवून घेण्याचा त्याला छंद होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, अत्यंत शहाणपणाने, त्याला वाणिज्य शाखेकडे वळविले. छंद हा छंद म्हणून ठेव, असा उपदेशही केला. आज तो आखातात एका कंपनीत हिशेबनीस आहे, सुखी आहे. सुट्टीवर आला की मला भेटतो आणि दर वेळी एकच विचारतो, "फादर, ती जुनी रजिस्टरं एकदा बघायला मिळतील का?" त्याने मला कधी दोष दिला नाही. मीच माझा तो दोष विसरू शकलेलो नाही. म्हणून त्या रविवारी मी त्या गृहस्थांना म्हणालो, "तिला जाऊ द्या." त्यांना ते मुळीच आवडले नाही.

एम.ए. म्हणजे नेमके काय?

इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, ही समजूत शाळेतील वाईट अध्यापनाने आपल्या डोक्यात भरवली आहे. शाळेत आपण उत्तरे शिकतो. विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यासात विद्यार्थ्याला प्रथम हे शिकावे लागते, की ती उत्तरे आली कोठून. चार सत्रांच्या या दोन वर्षांत भारताचा आणि जगाचा इतिहास तर असतोच. परंतु या अभ्यासाचा कणा म्हणजे इतिहासलेखनपद्धती. अस्सल साधन कोणते आणि दुय्यम कोणते? हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी, घटनेनंतर किती वर्षांनी? लिहिणाऱ्याचा स्वार्थ कशात होता? त्याने काय सांगितले आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सांगितलेले नाही? कागदाची बाहेरून आणि आतून अशी दुहेरी परीक्षा केल्यावाचून त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि परीक्षेला उतरलेला पुरावा आपल्याला कितीही अप्रिय असला तरी तो नाकारायचा नाही, ही ती शिस्त आहे.

आता मी विचारतो, प्रामाणिकपणाचे याहून चांगले शिक्षण आपल्या मुलांना अन्यत्र कोठे मिळणार आहे? आपल्या मोबाइलवर दररोज जे खरे-खोटे संदेश येऊन आदळतात, ते वाचून पुढे धाडण्यापूर्वी ‘याला आधार काय?’ असे विचारणारा एक जण जरी प्रत्येक घरात असता, तरी कितीतरी कलह टळले असते.

आणि ही शिस्त परकी आहे असे कोणी समजू नये. शुभवर्तमानकार संत लूक आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगतो, की प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांकडून जे आले, त्याचा मुळापासून बारकाईने शोध घेऊन आपण हे लिहीत आहोत. श्रद्धेने लिहिणाऱ्या त्या लेखकाला शोध घेण्याची लाज वाटली नाही. आपल्याला का वाटावी?

माझ्या स्मरणिकेची गोष्ट

आता त्या काढ्याचा दुसरा घोट. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चचा महोत्सव झाला. प्रथेप्रमाणे स्मरणिका निघाली आणि प्रथेप्रमाणे ‘आमच्या धर्मग्रामाचा इतिहास’ हा लेख धर्मगुरूंनी, म्हणजे मीच लिहिला. कसा लिहिला? आधीच्या महोत्सवाची स्मरणिका समोर ठेवून. त्या स्मरणिकेतील लेख कसा लिहिला गेला होता? बहुधा तिच्या आधीची समोर ठेवून! त्यात थोडी विशेषणे मी माझ्या पदरची घातली. लोकांनी कौतुक केले. बिशप महोदयांनी जाहीर उल्लेख केला. मला समाधान वाटले.

विद्यापीठात गेलेल्या आमच्या त्या मुलीने पहिल्या सत्राच्या सुट्टीत ती स्मरणिका माझ्यापुढे आणून ठेवली. माझ्या लेखाच्या समासात अकरा ठिकाणी पेन्सिलने एकच शब्द लिहिलेला होता: ‘आधार?’

मला राग आला, हे मी लपवीत नाही. काल-परवापर्यंत जिला मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठांतर दिले, ती मला आधार विचारते! परंतु ती उद्धटपणे बोलत नव्हती. ती म्हणाली, "फादर, तुम्ही लिहिलंय की अठराशे शहाण्णवच्या प्लेगनं अर्धं गाव ओस पडलं. आपल्याकडे दफनविधीचं रजिस्टर आहे ना? आपण बघू या का?"

कपाट उघडले. वाळवीने एका वहीचा कोपरा खाल्लेला होता. त्याबद्दल मला जे वाटले ते मी येथे लिहीत नाही. पोर्तुगीज भाषेतील त्या नोंदी तिने शब्दकोशाच्या साहाय्याने, माझ्या मोडक्यातोडक्या लॅटिनची मदत घेत, आठवडाभर वाचल्या. प्लेगच्या वर्षांत मृत्यू वाढलेले होते, यात शंका नाही. परंतु अर्धे गाव मेल्याची साक्ष ती वही देत नव्हती. उलट १९१८ साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानांमागून पाने भरलेली होती. एकाच घराण्याचे आडनाव एका आठवड्यात पुनःपुन्हा येत होते. लिहिणाऱ्या धर्मगुरूंचे एरवीचे सुबक अक्षर त्या पानांवर घाईचे आणि वेडेवाकडे झाले होते. त्या साथीचा माझ्या लेखात, किंवा आधीच्या कोणत्याही स्मरणिकेत, एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

असे का झाले असावे? मुलीनेच उत्तर सुचविले. प्लेगच्या स्मरणार्थ आमच्या वेशीवर एक क्रूस उभा आहे. दरवर्षी तेथे प्रार्थना होते, म्हणून प्लेग लक्षात राहिला. १९१८ च्या मृतांसाठी कोणी क्रूस उभारला नाही, म्हणून ते विस्मरणात गेले. मी भारावून जाऊन म्हणालो, "म्हणजे प्लेगची गोष्ट खोटीच म्हणायची!" त्यावर तिने मला पुन्हा थांबविले. "तसंही म्हणता येणार नाही, फादर. प्लेगमध्ये लोक घरं सोडून पळून गेले होते. जे दुसरीकडे जाऊन मेले, त्यांची नोंद या वहीत कशी असेल? एवढंच म्हणू या, की ही वही अर्ध्या गावाचा दाखला देत नाही."

वाचकहो, मी सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून अनेक वर्षे शिकलो. विद्यापीठाच्या एका सत्रात ही मुलगी जे शिकून आली, ते मला पन्नाशी ओलांडल्यावर तिच्याकडून शिकावे लागले. जेवढा पुरावा तेवढेच विधान. त्याहून एक शब्दही अधिक नाही. माझ्या प्रवचनांनाही हा नियम लावला, तर ती किती आखूड होतील, या विचाराने मी अस्वस्थ झालो आहे.

आपला इतिहास कोण सांगतो आहे?

गावातल्या साथीबद्दल चूक झाली, तर फारसे बिघडत नाही असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासाबद्दल आज दोन कथा फिरत आहेत, आणि त्या दोन्ही आपल्या मुलांच्या कानांवर पडत आहेत.

पहिली कथा बाहेरची. ती म्हणते, तुमच्या पूर्वजांना तलवारीच्या धाकाने बाटविले. तुम्ही परक्यांची उरलेली खूण आहात. दुसरी कथा घरातली. ती म्हणते, आमचे पूर्वज सर्वच्या सर्व उच्च कुळांतले होते, आणि सर्वांनीच केवळ सत्याच्या ओढीने, राजीखुशीने धर्म स्वीकारला. पहिली कथा ऐकली की आमची तरुण मुले मान खाली घालतात किंवा भांडायला उठतात; दुसरी ऐकली की छाती फुगवतात. आधार मात्र कोणीच विचारीत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली. ही २०५ वर्षे आहेत! सात-आठ पिढ्यांचा हा काळ एका वाक्यात कसा मावेल? त्यात मिशनऱ्यांची तळमळ होती, तशी राज्यकर्त्यांची सक्तीही होती. कायदे होते, दुष्काळ होते, जमिनीचे आणि नोकरीचे आमिष होते, आणि मनापासून लाभलेली श्रद्धाही होती. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. त्याच्या दप्तराचा फार मोठा भाग नष्ट झाला, हेही तेवढेच सत्य आहे. म्हणून त्याच्याविषयी छातीठोक आकडे फेकणाऱ्यालाही आधार विचारला पाहिजे. आणि १७३९ नंतर पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही ज्यांनी येथेच राहून आपली श्रद्धा टिकविली, ती कशी टिकविली? मराठा अमलाखाली त्यांचे शेजाऱ्यांशी, पाटलांशी, सरकारशी संबंध कसे होते? आपल्या अस्तित्वाचा खरा प्रश्न हा आहे, आणि याबद्दल आपल्या स्मरणिका एका परिच्छेदात मोकळ्या होतात.

याची साधने नाहीत असे नाही. वसईच्या मोहिमेचा मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध होऊनही नव्वद वर्षे झाली. याच घटनांची पोर्तुगीज बाजू गोव्याच्या दप्तरखान्यात आहे. १५९५ साली दियोगु दु कोतु या इतिहासकाराकडे ज्याची व्यवस्था सोपविली गेली, तो हा दप्तरखाना. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, उपाशीतापाशी राहून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि आपल्या उत्तर कोकणाशी निगडित असलेली ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली प्रसिद्ध केली. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज भाषा आत्मसात करून, गोव्याच्या दप्तरखान्याचे तीस वर्षे प्रमुखपद सांभाळून, पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. मी खेदाने विचारतो, आपल्यापैकी किती जणांनी मोडी शिकून पेशव्यांच्या कागदांतून आपला इतिहास शोधला? आपण डॉक्टर दिले, परिचारिका दिल्या, शिक्षक आणि बँक अधिकारी दिले. दप्तरखान्यात बसून धूळ खाणारी माणसे किती दिली?

एकेकाळी असे नव्हते. जुझे जेर्सन दा कुन्या हे व्यवसायाने डॉक्टर. परंतु त्यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. १९२२ साली मुंबईत आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांची गोष्ट अनेकदा सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवाल असे विचारल्यावर ते म्हणाले, भारताचा. त्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? काहीच नाही, पण मी शिकेन. ते खरोखरच शिकले. १९२६ साली त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात संशोधन संस्था उभी केली. ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. विजयनगरच्या अरविडू घराण्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइस या कॅथलिक तरुणाने १९३१ साली कदंब राजवंशावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लक्षात घ्या, आपल्या चर्चपुरते पाहून ही माणसे थांबली नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी स्वतःच्या समाजाचा वकील होण्यासाठी विद्यापीठात जात नाही. आमच्या मुलीने उद्या वसईऐवजी सातवाहनांवर किंवा गिरणी कामगारांवर प्रबंध लिहिला, तरी मला तेवढाच आनंद होईल.

श्रद्धा डळमळेल का?

काही पालक मला एकांतात विचारतात, "फादर, विद्यापीठात जाऊन पोर चर्चवरच टीका करू लागली तर?" हीच भीती, अधिक सभ्य शब्दांत, माझे काही धर्मगुरू बंधूही बोलून दाखवितात. ती भीती इतिहासाच्या अज्ञानातून येते.

सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपना राज्य दान केल्याचा एक दस्तऐवज मध्ययुगात प्रमाण मानला जात होता. लोरेंझो वाल्ला याने १४४० साली त्यातील लॅटिन भाषेची चिकित्सा करून तो बनावट असल्याचे दाखवून दिले. पुढे हाच वाल्ला पोपच्या दरबारी सेवेत होता! सतराव्या शतकात येशूसंघीय बोलांडवाद्यांनी संतांच्या चरित्रांतील दंतकथा वेगळ्या काढण्यास आरंभ केला. त्यांचे पहिले खंड १६४३ साली निघाले. त्यांच्यातील पापेब्रोक यांनी बेनेडिक्टाइन मठांच्या जुन्या सनदांवर शंका घेतली. मठवासीयांनी काय केले? त्यांच्यातील माबियाँ या विद्वान संन्याशाने १६८१ साली दस्तऐवज कसा तपासावा याचे शास्त्रच लिहून काढले, आणि पापेब्रोक यांनी ते मोकळ्या मनाने मान्य केले. आज विद्यापीठात साधनचिकित्सेचे जे धडे दिले जातात, त्यांच्या मुळाशी अशी आपली माणसे आहेत. पापेब्रोक यांना त्यासाठी छळही सोसावा लागला; १६९५ साली स्पेनच्या इन्क्विझिशनने त्यांच्या कार्याचा निषेध केला. त्या निषेधकर्त्यांची नावे आज कोणाच्या लक्षात आहेत?

पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तर संशोधकांना खुले केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालच्या १२ मार्च रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या ऐतिहासिक अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली बाराव्या पायस यांच्या काळातील कागद अभ्यासकांना खुले केले आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या अध्ययनासंबंधी एक स्वतंत्र पत्र लिहिले. रोम आपली कपाटे उघडीत असता आम्ही आमच्या धर्मग्रामांच्या कपाटांना कुलपे का लावावीत? खरे कळल्याने जी श्रद्धा मोडते, ती मुळातच आपल्याविषयीचा अभिमान असावा. देवावरील विश्वासाला सत्याचे भय नाही.

पोटाचा प्रश्न

आता त्या गृहस्थांच्या खऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतिहासाच्या एम.ए.नंतर नोकरी मिळते का? केवळ पदवीच्या बळावर सहसा मिळत नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर नेट किंवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते किंवा पीएच.डी. करावी लागते, आणि एवढे करूनही अनेक उच्चविद्याविभूषित तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत. ही शासनाची आणि समाजाची लाजिरवाणी बाब आहे. मी कोणाच्या मुलीला खोटे आश्वासन देणार नाही.

पण मग सर्वांना एकच तराजू लावा. वाणिज्य शाखेचा पदवीधर कोठे थेट खुर्चीवर जाऊन बसतो? लाखो रुपये देणगी आणि शुल्क भरून इंजिनिअर झालेली किती मुले आज भलत्याच कामावर आहेत, हे आपल्याच आळीत मोजून पाहा. विद्यापीठातील एम.ए.चे शुल्क त्या खर्चाच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि इतिहासाचा चांगला विद्यार्थी स्पर्धा परीक्षांना बसू शकतो, पत्रकारितेत जाऊ शकतो, पुराभिलेखागारात आणि वस्तुसंग्रहालयात काम करू शकतो, शाळेत शिकवू शकतो. कोणता पुरावा ग्राह्य आणि कोणता अग्राह्य हे ज्याला कळते, तो कोणत्याच कामात अगदीच निरुपयोगी ठरत नाही.

याउपर एक स्पष्ट बोलतो. मुलाने नाटकात, क्रिकेटमध्ये दोन वर्षे घालविली तर आपण सोसतो. मुलीच्या लग्नात एका रात्रीत, मंडप आणि बँडवर, आपण जे उधळतो, त्यात दोन मुलींचे एम.ए. होईल. तेव्हा पोटाची आठवण कोठे असते?

मागणे

तक्रार करून थांबणे सोपे असते. म्हणून माझ्यासकट सर्वांकडे काही मागणे मागतो.

पहिले, धर्मगुरू बंधूंकडे. विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली आपल्यावर घातले. आजचा ख्रिस्तसभेचा कायदाही जुनी रजिस्टरे काळजीपूर्वक जतन करण्यास सांगतो. या वह्यांची किंमत आपल्याला नसली, तरी जगाला आहे. इंग्लंडमधील ४०४ धर्मग्रामांच्या नोंदींवरून रिग्ली आणि स्कोफील्ड या अभ्यासकांनी १९८१ साली त्या देशाच्या तीन शतकांहून अधिक काळाच्या लोकसंख्येचा इतिहास उभा केला. आपण मात्र त्याच वह्या वाळवीला वाढतो! त्यांची यादी करा, छायाचित्रे घ्या आणि बिशपांच्या अनुमतीने, खात्रीच्या विद्यार्थ्याला त्या वाचू द्या. अलीकडच्या नोंदींत हयात कुटुंबांची नाजूक गुपिते असतात. ती झाकलेलीच राहोत. शंभर वर्षांपलीकडच्या वह्यांना तरी मोकळा श्वास घेऊ द्या.

दुसरे, आपल्या संस्था, पतपेढ्या आणि विश्वस्त निधी यांच्याकडे. आपल्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जावर वैद्यकीय, अभियांत्रिकी, व्यवस्थापन असे रकाने असतात. त्यात इतिहास, भाषा आणि समाजशास्त्र यांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी एक रकाना वाढवा. वर्षाला एक विद्यार्थी मिळाला, तरी दहा वर्षांत दहा अभ्यासक तयार होतील.

तिसरे, स्मरणिका काढणाऱ्यांकडे. यापुढे धर्मग्रामाचा इतिहास छापाल, तर प्रत्येक विधानाला आधार द्या. आधार नसेल, तर ‘अशी आख्यायिका आहे’ एवढे लिहिण्याचा प्रामाणिकपणा दाखवा. माझा लेख सुधारून, त्या मुलीच्या मदतीने, पुन्हा लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. तो आधीच्यापेक्षा लहान होईल, असे दिसते.

आणि शेवटचे, आई-वडिलांकडे. परवा ते गृहस्थ पुन्हा ओसरीवर आले. मुलगी आता तिसऱ्या सत्रात आहे. पहाटेच्या लोकलसाठी तिला स्टेशनवर सोडायला तेच जातात, हे मला ठाऊक होते. त्यांच्या हातात पत्र्याची एक गंजलेली पेटी होती. माळा साफ करताना सापडलेले जमिनीचे जुने कागद त्यांनी टाकून देण्यासाठी काढले होते. मुलीने ते अडविले. विद्यापीठात जाऊ लागल्यापासून तिने मोडीचा वर्गही लावला आहे. तिने एक कागद लावून दाखविला. खाली निशाणीचा अंगठा होता आणि शेजारी नाव होते, ते त्यांच्या पणजोबांचे.

"फादर," ते म्हणाले, "हा माझ्या पणज्याचा अंगठा. एवढी वर्षं माळ्यावर पडून होता, आणि मला ठाऊक नव्हतं." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्याला सही येत नव्हती, मग ह्यात काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलं असेल का हो?"

मला त्याचे उत्तर माहीत नव्हते. मेलेल्या माणसांच्या तारखांची चेष्टा करणारा तो गृहस्थ इतिहासाचा पहिला प्रश्न विचारीत होता, एवढे मात्र मला कळले. तेव्हा येत्या जूनमध्ये तुमच्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा ‘मला विद्यापीठात इतिहास शिकायचा आहे’ असे म्हणाला, तर त्याला समजविण्यासाठी कृपा करून माझ्याकडे येऊ नका. आलात, तर मी तुम्हालाच समजवीन.